पॅकेज टाकू काय? आधी टर्मिनलला विचारा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. माझ्या ओळखीतल्या उद्यमनगरच्या वर्कशॉपमध्ये, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या ऑफिसांत, एक-दोन पतसंस्थांत जुने डेस्कटॉप अजून दणकट होते, पण विंडोज ११ घेत नव्हते. तिथे उबुंटू, म्हणजे लिनक्सची एक ऑपरेटिंग सिस्टीम, आलं. मशीन बदललं तरी सवय तीच राहिली. कुठून तरी एक ओळ उचलायची, टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, पेस्ट करायची, पासवर्ड द्यायचा आणि बघत बसायचं. अडलं की फोन येतो, "दादा, हे पॅकेज टाकू काय?"

या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा तुमच्याच मशीनमध्ये असतं. उबुंटू आणि ते ज्यावर बांधलंय त्या डेबियनवर प्रत्येक पॅकेजची, म्हणजे बसवायला तयार बांधलेल्या सॉफ्टवेअरची, माहिती वेगळी ठेवलेली असते: ते कुठून आलं, कुठल्या व्हर्जनचं आहे, सोबत काय ओढून आणणार, किती जागा खाणार. यालाच मेटाडेटा म्हणतात. तो वाचायच्या कमांड थोड्याच आहेत आणि वाचल्याने काही मोडत नाही. पॅकेज टाकण्याआधी दोन मिनिटं त्यात घालवली तर पुढचा अर्धा दिवस वाचतो.

उदाहरणासाठी मी टेसरॅक्ट घेतलंय. छापील कागद स्कॅन करून त्यातला मजकूर काढणारं हे सॉफ्टवेअर. पतसंस्थांत जुने छापील अहवाल आणि परिपत्रकं पडून असतात, त्यामुळे त्याची मागणी सतत असते. मोडीतलं दप्तर त्यातल्या मराठी डेटाने वाचता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण कोल्हापुरात हा प्रश्न हमखास येतो.

काय काय लागेल

- उबुंटू किंवा डेबियन असलेलं मशीन. लिनक्स मिंटवरही यातलं बरंचसं चालतं.
- टर्मिनल. उबुंटूवर कंट्रोल, आल्ट आणि टी एकदम दाबलं की उघडतं.
- अॅडमिनचा पासवर्ड, तोही फक्त पहिल्या पायरीला आणि सातव्या पायरीत एक जादा टूल टाकायचं असेल तर. बाकी नुसतं वाचायला पासवर्ड लागत नाही. ऑफिसात तुमच्याकडे तो नसेल तरी बरंचसं काम होतं.
- थोडं इंटरनेट.

कमांड मी फोनवर सांगतो तशा उच्चाराने लिहिल्यात. टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरं वापरायची. 'सुडो' म्हणजे एस-यू-डी-ओ (अॅडमिनच्या अधिकाराने चालव), 'एपीटी' म्हणजे ए-पी-टी (पॅकेज शोधणारं, आणणारं टूल), 'डीपीकेजी' म्हणजे डी-पी-के-जी (बसलेल्या पॅकेजांचा हिशेब ठेवणारं टूल). 'वजा' लिहिलंय तिथे वजा चिन्ह: त्याच्या आधी स्पेस, नंतर स्पेस नाही; 'वजा वजा' असेल तर दोन्ही चिन्हं जोडून. पॅकेजच्या नावात मध्ये आडवी रेघ असेल तर तिच्या दोन्ही बाजूंना स्पेस नाही. 'मोठा' लिहिलं असेल तिथेच कॅपिटल अक्षर. मोठं-छोटं चुकलं तर कमांडचा अर्थ बदलतो.

## १. आधी यादी ताजी करा

सुडो एपीटी अपडेट

नवीन माणूस इथेच घाबरतो. "अपडेट नको, काहीतरी बिघडेल." या कमांडने एकही सॉफ्टवेअर बदलत नाही. ती फक्त पॅकेजांची ताजी यादी उतरवून घेते. सॉफ्टवेअर बदलणारी कमांड वेगळी, 'एपीटी अपग्रेड'.

ओळी धावत जातात, त्यातले पहिले शब्द बघा. 'हिट' म्हणजे यादी आधीच ताजी होती, 'गेट' म्हणजे नवीन उतरवली, 'एरर' म्हणजे तिथून काही मिळालं नाही. ४०४ असे एरर ओळीने आले तर बहुधा तुमच्या उबुंटूची मुदत संपलीये. एलटीएस, म्हणजे लांब मुदतीच्या सपोर्टच्या, नसलेल्या आवृत्त्यांना फक्त ९ महिने सपोर्ट असतो. नंतर त्यांच्या याद्या नेहमीच्या सर्व्हरवरून हलवतात. नव्या मशीनवर एलटीएसच टाका, म्हणजे २२.०४ किंवा २४.०४ सारखी, एप्रिलमध्ये येणारी सम वर्षाची आवृत्ती.

ही यादी तुमच्या डिस्कवर साठते, त्यामुळे पुढच्या बहुतेक कमांड नेट नसतानाही चालतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेने काय केलं ते इथल्या कुणाला सांगायला नको. तेवढं नको, साध्या जुलैच्या पावसातही नेट दिवसदिवस जातं. पॅकेज उतरवता येणार नाही, पण त्याच्याबद्दल जे विचारायचं ते विचारता येतं.

## २. नाव नक्की काय ते शोधा

एपीटी सर्च मराठी

मराठी हा शब्दही इंग्रजी अक्षरांतच टाइप करायचा. नावात किंवा वर्णनात हा शब्द असलेली पॅकेजं समोर येतात: स्पेलिंग तपासायचा शब्दकोश, लिबरऑफिसचे मराठी मेनू, फाँट, टेसरॅक्टचा मराठी डेटा.

इथे एक खाच आहे. मराठीसाठी कोड दोन आहेत. बहुतेक पॅकेजांच्या शेवटी दोन अक्षरी 'एम-आर' असतं, जसं 'लिबरऑफिस-एल१०एन-एमआर'. टेसरॅक्ट मात्र तीन अक्षरी कोड वापरतं, 'एम-ए-आर', म्हणून त्याचं पॅकेज 'टेसरॅक्ट-ओसीआर-मार'. एकाच्या सवयीने दुसरं शोधलं की सापडत नाही, आणि माणूस म्हणतो मराठीसाठी काही नाहीच.

नुसतं 'एमआर' सर्च केलं तर भलतीच पॅकेजं धो-धो येतात, कारण ती दोन अक्षरं कुठेही जुळतात. त्याऐवजी 'एपीटी लिस्ट' लिहून पुढे एकेरी अवतरणात तारा, आडवी रेघ आणि एमआर लिहा. फक्त '-एमआर' वर संपणारी नावं मिळतील. अवतरण चिन्हं गाळू नका.

## ३. माहितीचं पान उघडा

एपीटी शो टेसरॅक्ट-ओसीआर

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पंधरा-वीस ओळी येतात. सगळ्या वाचायची गरज नाही, पण पुढच्या वाचाच.

*सेक्शन.* उबुंटूवर इथे 'युनिव्हर्स' आणि मग तिरपी रेघ दिसली तर ते पॅकेज उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीच्या मुख्य जबाबदारीत नाही. युनिव्हर्समधली पॅकेजं समुदाय सांभाळतो. 'मेन'मधल्या पॅकेजांना एलटीएसवर ५ वर्षं सिक्युरिटी अपडेट मिळतात. युनिव्हर्समध्ये तशी हमी हवी असेल तर उबुंटू प्रोचं खातं लागतं, व्यक्तिगत वापरासाठी ते ५ मशीनपर्यंत फुकट आहे. युनिव्हर्स म्हणजे वाईट असं नाही. टेसरॅक्ट तिथेच आहे. पण इंटरनेटला उघडा असणारा सर्व्हर असेल तर मी ही ओळ दोनदा वाचतो.

*मेंटेनर.* हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचं नाव नव्हे, पॅकेज बांधणाऱ्याचं आहे. तक्रार कुठे करायची ते ठरवताना हा फरक कामाला येतो. मूळ प्रकल्पाचा पत्ता 'होमपेज'च्या ओळीत असतो.

*डिपेंड्स, रेकमेंड्स, सजेस्ट्स.* 'डिपेंड्स'शिवाय पॅकेज बसतच नाही. 'रेकमेंड्स' नसलं तरी चालतं, पण एपीटी ते न विचारता सोबत आणतं. 'सजेस्ट्स' ते आणत नाही. २५६ जीबीची डिस्क भरत आली की लोक पॅकेजला शिव्या घालतात. खरा वजनदार माल बऱ्याचदा रेकमेंड्समधून आलेला असतो. तो नको असेल तर इन्स्टॉल करताना 'वजा वजा नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स' जोडा.

टेसरॅक्टच्या डिपेंड्समध्ये नीट बघा. इंग्रजीचा डेटा आणि पानाची दिशा ओळखणारा डेटा, दोन्ही दिसतील. मराठी दिसणार नाही. म्हणजे नुसतं टेसरॅक्ट टाकून मराठी पान दिलं तर कचरा बाहेर येणार. "टेसरॅक्टला मराठी जमत नाही" ही तक्रार मी अनेकांकडून ऐकलीये, आणि दरवेळी कारण हेच निघालंय.

*इन्स्टॉल्ड-साइज आणि डाउनलोड-साइज.* पहिला आकडा डिस्कवरचा, दुसरा नेटवरून उतरवायचा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर दुसरा बघा. दोन्ही आकडे त्या एकट्या पॅकेजचे आहेत, सोबत येणाऱ्यांचे त्यात धरलेले नाहीत.

सगळ्यात मोठा गैरसमज: 'एपीटी शो'ने माहिती दाखवली म्हणजे पॅकेज मशीनवर बसलेलं आहे असं नाही. यादीत असलेलं कुठलंही पॅकेज ते दाखवतं. बसलंय की नाही ते पुढच्या पायरीत कळतं.

## ४. कुठून येणार ते बघा

एपीटी पॉलिसी टेसरॅक्ट-ओसीआर-मार

उत्तरात वर दोन ओळी असतात. 'इन्स्टॉल्ड' म्हणजे आत्ता काय बसलंय, नसेल तर 'नन'. 'कँडिडेट' म्हणजे आत्ता इन्स्टॉल म्हटलं तर काय बसेल. खाली व्हर्जनांचा तक्ता आणि प्रत्येकासमोर एक आकडा, तो प्राधान्याचा. नेहमीच्या रेपोला (पॅकेजांच्या कोठाराला) ५००, आधीच बसलेल्या प्रतीला १००. प्राधान्य सारखं असेल तर जास्त व्हर्जन जिंकतं.

तक्त्यातले पत्ते वाचा. उबुंटूचा अधिकृत आरसा (मिरर सर्व्हर) असेल तर ठीक. पीपीए, म्हणजे कुणी स्वतःचं उघडलेलं कोठार, किंवा कुठल्या कंपनीचा पत्ता दिसला तर तो मशीनवर कुणी जोडला, कधी, कशासाठी, हे विचारायला हवं. कामावरून गेलेल्या माणसाने जोडलेले पीपीए वर्षानुवर्षं तसेच राहतात आणि एखाद्या दिवशी कँडिडेट गुपचूप तिथून यायला लागतो. नुसतं 'एपीटी पॉलिसी' लिहून एंटर मारलं, पुढे पॅकेजचं नाव न देता, तर मशीनला जोडलेले सगळे रेपो एका दमात दिसतात. नवीन ऑफिसात गेलं की मी आधी तेच करतो.

आता गंमत बघायची तर फायरफॉक्सवर हीच कमांड चालवा. २२.०४ किंवा २४.०४ वर व्हर्जन दिसेल '१:१स्नॅप१' ने सुरू होणारं. फायरफॉक्सचं असं व्हर्जन कसं असेल? हे पॅकेज रिकामं कवच आहे, खरं ब्राउझर स्नॅपमधून, म्हणजे उबुंटूच्या दुसऱ्या पॅकेज पद्धतीतून, येतं. २२.०४ पासून उबुंटूने फायरफॉक्स असं केलं, क्रोमियम त्याच्याही आधी, १९.१० पासून. ब्राउझरमधून पेन ड्राइव्हवरची फाइल दिसत नाही किंवा डिजिटल सहीचं टोकन सापडत नाही अशा तक्रारींत हे कारण निघू शकतं, कारण स्नॅपला स्वतःचं कुंपण असतं.

## ५. व्हर्जनचा आकडा वाचायला शिका

ही पायरी लोक ओलांडून जातात आणि मग ऑडिटच्या वेळी भांडत बसतात.

२४.०४ वर मराठी डेटाचं व्हर्जन '१:४.१.०-२' असं दिसतं. विसर्गाच्या आधीचा १ म्हणजे इपॉक. आकडे मोजायची पद्धत मध्येच बदलली तर क्रम बिघडू नये म्हणून तो लावतात. मधलं ४.१.० हे मूळ प्रकल्पाचं व्हर्जन. शेवटच्या आडव्या रेघेनंतरचा २ हा पॅकेज बांधणाऱ्यांचा क्रमांक. टेसरॅक्टचं इंजिन त्याच मशीनवर ५.३ चं असतं आणि डेटा ४.१.०. हे जुळत नाही म्हणून घाबरू नका, दोन्हींची मोजणी वेगळी आहे.

'~' हे चिन्ह दिसलं तर लक्षात ठेवा, ते व्हर्जन खाली ढकलतं. '५.०~आरसी१' हे '५.०' पेक्षा जुनं धरलं जातं. दोन व्हर्जनमधलं कुठलं नवीन याबद्दल शंका असेल तर 'डीपीकेजी वजा वजा कंपेअर-व्हर्जन्स' आहे. डोळ्याने अंदाज बांधण्यापेक्षा तेच बरं.

आता ऑडिट. एका संस्थेत तपासणीला आलेल्या कंपनीने स्कॅन मारून अहवाल दिला: ओपनएसएसएच (लांबून मशीनवर लॉगिन व्हायचं सॉफ्टवेअर) ८.९ आहे, जुनं आहे, सीव्हीई-२०२४-६३८७ या क्रमांकाने नोंदलेल्या सुरक्षेच्या त्रुटीला उघडं आहे, ताबडतोब ९.८ टाका. मशीन २२.०४ चं, वेळच्या वेळी अपग्रेड केलेलं. मॅनेजर हादरले, कुणीतरी सोर्स कोडवरून ९.८ बांधून टाकायला निघालं होतं.

जुलै २०२४ मध्ये ही त्रुटी बाहेर आली तेव्हा मूळ प्रकल्पाने ९.८पी१ मध्ये ती बुजवली, हे खरं. पण उबुंटू एलटीएसच्या मधल्या काळात मुख्य व्हर्जन बदलत नाही. दुरुस्ती तेवढी जुन्या व्हर्जनमध्ये आणून बसवतं. २२.०४ मध्ये ती '१:८.९पी१-३उबुंटू०.१०' मध्ये आली. स्कॅनरने ८.९ पर्यंत वाचलं आणि पुढचं शेपूट सोडून दिलं. पुरावा हवा तर:

एपीटी चेंजलॉग ओपनएसएसएच-सर्व्हर

याला नेट लागतं. लांबलचक मजकूर उघडतो. तिरपी रेघ टाकून सीव्हीईचा क्रमांक लिहा आणि एंटर मारा, थेट त्या ओळीवर जाल. बाहेर पडायला 'क्यू'. ती ओळ आणि 'एपीटी पॉलिसी'चं उत्तर, दोन्ही कॉपी करून अहवालाला जोडलं की विषय संपतो. मात्र शेपटातला आकडा ०.१० पेक्षा कमी असेल तर ऑडिटरचं बरोबर आहे, मुकाट्याने अपग्रेड करा.

## ६. सोबत काय येणार, काय जाणार

एपीटी इन्स्टॉल वजा एस टेसरॅक्ट-ओसीआर-मार

'एस' म्हणजे सिम्युलेट, नुसती रंगीत तालीम. सुडो लावायचं नाही. काय काय बसेल, काय बदलेल, काय निघून जाईल, सगळं दाखवतं आणि काहीच करत नाही. 'रिमूव्ह'लाही हेच जोडता येतं, आणि तिथे ते जास्त गरजेचं आहे. "ही पॅकेजं काढली जातील" या यादीत डेस्कटॉप किंवा नेटवर्क मॅनेजर दिसला तर हात मागे घ्या.

एखादं पॅकेज कुणाकुणाला लागतं ते बघायला 'एपीटी-कॅश आर-डिपेंड्स', मध्ये आडवी रेघ फक्त एपीटी आणि कॅशच्या मध्ये, आर-डिपेंड्स सलग. पुढे 'वजा वजा इन्स्टॉल्ड' लावा, नाहीतर जगातली सगळी पॅकेजं येतात.

## ७. फाइलवरून पॅकेज, पॅकेजवरून फाइल

पॅकेजने कुठल्या फाइली कुठे ठेवल्या: डीपीकेजी वजा मोठा एल, पुढे पॅकेजचं नाव. टेसरॅक्ट-ओसीआर-मार बसवून हे चालवलं की 'मार.ट्रेन्डडेटा' नावाची फाइल कुठल्या फोल्डरात गेली ते दिसतं. कुणी तीच फाइल पेन ड्राइव्हवरून दुसऱ्याच फोल्डरात टाकली असेल तर घोळ इथे उघडा पडतो.

उलट दिशेने, ही फाइल कुणाची: डीपीकेजी वजा मोठा एस, पुढे फाइलचं नाव. पूर्ण पत्ता देण्यापेक्षा शेवटचा भाग द्या. काही आवृत्त्यांत पॅकेजच्या नोंदीत 'बिन' असतं आणि प्रत्यक्षात फाइल 'यूएसआर-बिन'मध्ये दिसते, मग पूर्ण पत्त्याने सापडत नाही.

डीपीकेजीला फक्त बसलेली पॅकेजं माहीत असतात. न बसलेल्यांत शोधायचं तर 'एपीटी-फाइल' हे वेगळं पॅकेज टाका, एकदा 'सुडो एपीटी-फाइल अपडेट' करा आणि मग 'एपीटी-फाइल सर्च'.

## ८. हातात आलेली डेब फाइल

डेब म्हणजे एक अख्खं पॅकेज असलेली फाइल. प्रिंटरचा ड्रायव्हर, सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर, हिशेबाचं कसलं तरी क्लायंट: हे कधी पेन ड्राइव्हवर येतं, कधी व्हॉट्सअॅपवर. डबल क्लिक करण्याआधी:

डीपीकेजी वजा मोठा आय आणि फाइलचं नाव. मेटाडेटा दिसतो.
डीपीकेजी वजा छोटा सी आणि फाइलचं नाव. आतल्या फाइली दिसतात.

पहिल्या उत्तरात 'आर्किटेक्चर' बघा. 'एएमडी६४' हवं, 'ऑल'ही चालेल. 'आय३८६' असेल तर तो ३२ बिटचा जुना माल आहे, ६४ बिटच्या मशीनवर सरळ बसणार नाही. जुन्या प्रिंटरांच्या ड्रायव्हरांत हे सारखं भेटतं. त्याच उत्तरात 'पोस्टइन्स्ट'सारखी नावं दिसतील. या स्क्रिप्ट पॅकेज बसताना रूटच्या, म्हणजे पूर्ण अॅडमिनच्या, अधिकारात चालतात. म्हणून अनोळखी फाइल आली तर 'डीपीकेजी वजा ई', फाइलचं नाव आणि पुढे एका रिकाम्या फोल्डरचं नाव द्या. स्क्रिप्ट तिथे मोकळ्या होतात, मग वाचून बघा. स्क्रिप्ट कळत नसेल तर कळणाऱ्याला दाखवा. 'मेंटेनर'ची ओळ रिकामी किंवा विचित्र असेल तर मी ती फाइल परत पाठवतो.

## ९. एपीटीला न कळणारं

स्नॅपसाठी 'स्नॅप इन्फो'. पायथनच्या लायब्ररींसाठी 'पिप शो', आणि ती फक्त बसलेल्यांबद्दल सांगते. २४.०४ किंवा डेबियन १२ वर थेट 'पिप इन्स्टॉल' केलं की 'एक्स्टर्नली मॅनेज्ड' असा एरर येतो. तो जबरदस्तीने ओलांडायचा पर्याय सुचवणारे खूप भेटतील. तसं करू नका, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्या लायब्ररींसाठी वेगळं फोल्डर, बनवा.

## १०. मशीनवर काय आहे त्याची नोंद

'डीपीकेजी वजा छोटा एल'ने सगळं येतं. डावीकडे 'आय-आय' असेल तर पॅकेज बसलेलं आहे. 'आर-सी' असेल तर काढलंय, पण त्याच्या सेटिंगच्या फाइली राहिल्यात. तुम्ही स्वतः मागून टाकलेली पॅकेजं तेवढी हवी असतील तर 'एपीटी-मार्क शोमॅन्युअल'. तिचं उत्तर फाइलमध्ये उतरवून ठेवा. नवीन मशीन बांधताना हीच फाइल लागते.

ही कामं स्क्रिप्टमध्ये घालणार असाल तर साधं 'एपीटी' वापरू नका. त्याच्या उत्तराची मांडणी पुढच्या आवृत्तीत बदलू शकते, आणि उत्तर दुसऱ्या कमांडकडे वळवलं की ते स्वतःच तशी ताकीद देतं. स्क्रिप्टसाठी 'एपीटी-कॅश' आणि 'डीपीकेजी-क्वेरी' आहेत. 'डीपीकेजी-क्वेरी वजा मोठा डब्ल्यू' एवढं लिहिलं तरी प्रत्येक पॅकेजचं नाव आणि व्हर्जन एकेका ओळीत मिळतं, ते स्प्रेडशीटमध्ये जसंच्या तसं बसतं.